चौघांचं तिकीट किती?

आई, बाबा आणि दोन मुलं. चौघांना मँचेस्टर युनायटेडचा सामना ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन बघायचाय. खर्च किती? नोव्हेंबर २०२४ पर्यंत या प्रश्नाचं सगळ्यात स्वस्त उत्तर होतं १३० पौंड. मोठ्यांचं तिकीट ४० पौंडांपासून सुरू, मुलांचं २५ पासून. मग हंगाम ऐन मध्यावर आलेला असताना क्लबने जाहीर केलं, की सभासदांसाठी उरलेली तिकिटं आता सरसकट ६६ पौंडांना मिळतील. लहान मुलांना सवलत नाही, आजी-आजोबांनाही नाही. तेच चौघं, तेच स्टेडियम, बिल मात्र २६४ पौंड. तेव्हाच्या भावाने आपले अठ्ठावीस हजार रुपये तरी झाले. यात ट्रेनचं भाडं नाही, मध्यंतरातला चहा आणि चिप्सही नाहीत.

हा बदल थोड्याच तिकिटांपुरता आहे, असं क्लबचं म्हणणं होतं. चाहत्यांना ते पटलं नाही. डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी एव्हर्टनविरुद्धच्या सामन्याआधी स्टेडियमबाहेर निदर्शनं झाली. चिडण्याचं कारण नुसता आकडा नव्हता. आठ वर्षांच्या मुलाकडून आणि पगारदार माणसाकडून एकच रक्कम घ्यायची, याचा अर्थ क्लबच्या हिशेबात तो मुलगा आता ‘उद्याचा फॅन’ राहिला नाही. तो फक्त एक खुर्ची अडवणारा झाला.

आपण हे सामने हॉस्टेलच्या खोलीत, एका मोबाइलभोवती चार डोकी घुसवून बघतो. त्यामुळे तिकीट हा आपला प्रश्नच नाही असं वाटतं. पण आपल्याला टीव्हीवर जो आवाज ऐकू येतो, तो तिकीट काढून आलेल्या माणसांचा असतो. तो आवाज कुठून येतो आणि पुढची वीस वर्षं तो कोण काढणार, हे खरं तर मोठ्या क्लबांपेक्षा छोट्या क्लबांकडे बघितलं की जास्त नीट कळतं.

त्यासाठी शहर बदलायचीही गरज नाही. मँचेस्टरच्याच ईशान्येला मॉस्टन नावाचा कामगारवस्तीचा भाग आहे. तिथे ब्रॉडहर्स्ट पार्क या छोट्या मैदानावर एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा क्लब खेळतो. २००५ मध्ये अमेरिकन उद्योगपती माल्कम ग्लेझर यांनी मँचेस्टर युनायटेड विकत घेतला आणि खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा बोजा क्लबच्याच डोक्यावर आला. तेव्हा काही चाहत्यांनी ठरवलं, बास. त्यांनी स्वतःचा क्लब काढला. सुरुवात इंग्लिश फुटबॉलच्या दहाव्या पायरीवरून. होय, तिथे एवढ्या पायऱ्या आहेत, आणि दहाव्या पायरीवरही माणसं शनिवारी दुपारी रांग लावतात. पहिल्या तीन हंगामांत सलग तीन बढत्या मिळाल्या. स्वतःचं मैदान व्हायला मात्र दहा वर्षं लागली. २०१५ मध्ये ते उघडलं, तेही लोकांनी शेअर घेऊन उभ्या केलेल्या सुमारे वीस लाख पौंडांच्या जोरावर. उरलेले पैसे अनुदान आणि कर्जातून आले.

या क्लबची शर्टावर प्रायोजकाचं नाव न घेण्याची भूमिका लगेच नजरेत भरते. माझ्या मते त्याहून जास्त महत्त्वाच्या गोष्टी तिकिटाच्या खिडकीवर घडल्या. क्लबच्या सुरुवातीच्या अनेक वर्षांत १८ वर्षांखालच्या मुलांना तिथे दोन पौंडांत प्रवेश होता. २००९ पासून सीझन तिकिटाची पद्धतही त्यांनी बदलली. एक किमान रक्कम ठरवली आणि वर किती द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. ज्याची नोकरी गेलीये त्याने किमान रक्कम द्यावी, ज्याचं बरं चाललंय त्याने जास्त द्यावी. उत्पन्नाचा दाखला नाही, फॉर्म नाही, खिडकीपलीकडून ‘पुरावा आणा’ नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरलेल्या कोणालाही यातली गंमत लगेच कळेल. सवलत मिळणं वेगळं आणि सवलत मागताना मान खाली घालावी न लागणं वेगळं.

हे जमलं कारण तिथे किंमत ठरवणारे आणि किंमत मोजणारे एकच आहेत. क्लब सहकारी तत्त्वावर चालतो. एक सभासद, एक मत. शेअर जास्त घेतले म्हणून मतं वाढत नाहीत. साखर कारखाने आणि दूध संघांच्या राज्यात वाढलेल्या आपल्याला ‘सहकार’ म्हटलं की निवडणूक, पॅनेल आणि भांडणं आठवतात. तिथेही भांडणं झालीच. २०१६ च्या सुमारास कारभारावरून सभासद आणि पदाधिकाऱ्यांत चांगलीच जुंपली होती. शिवाय संघ सहाव्या पायरीपर्यंत चढून २०१९ मध्ये पुन्हा सातव्यावर घसरला. म्हणजे हा काही स्वर्ग नाही. पण मुलांचं तिकीट वाढवायचं की नाही हा प्रश्न तिथे सभेत येतो, आणि हात वर करणाऱ्यांच्या शेजारी त्यांची मुलं बसलेली असू शकतात.

रिकाम्या खुर्चीची किंमत

आता साहजिक शंका. मोठ्या क्लबांकडे टीव्हीचे पैसे आहेत, छोट्यांकडे फक्त तिकिटं. मग छोट्यांनी तिकिटं स्वस्त कशी करायची?

प्रीमियर लीगमधल्या क्लबांच्या एकूण उत्पन्नात सामन्याच्या दिवशीचा वाटा साधारण सातवा भाग असतो. बाकी टीव्ही आणि जाहिराती. २०२५-२६ पासूनच्या चार हंगामांसाठी नुसत्या ब्रिटनमधल्या प्रक्षेपणाचा करार ६.७ अब्ज पौंडांचा आहे. म्हणजे तिकिटांत सूट देणं ज्यांना सगळ्यात सोपं, तेच दर वाढवतात. आणि ज्यांचा संसार गेटवरच्या पैशांवर चालतो, ते दोन पौंडांत मुलांना आत घेत होते. ऐकायला उलटं वाटतं. पण यामागे निव्वळ भावना नाही, हिशेबही आहे.

सुटलेल्या एसटीतली रिकामी सीट नंतर कोणालाच विकता येत नाही. सामना सुरू झाल्यावर रिकाम्या खुर्चीचंही तेच. ओल्ड ट्रॅफर्डवर रिकामी खुर्ची सहसा नसते, तिथे एकाने नको म्हटलं तर मागे दहा उभे असतात. छोट्या क्लबाचं मैदान मात्र दर शनिवारी अर्धं रिकामं असतं. तिथे प्रश्न ‘ही खुर्ची किती महाग विकू’ हा नसतो. ‘या खुर्चीत आज कोणी बसेल का’ हा असतो.

एक काल्पनिक क्लब घेऊ. मैदान दहा हजारांचं, येतात चार हजार. त्यातली ३,४०० मोठी माणसं २० पौंड देतात, ६०० मुलं १० पौंड देतात. आता सगळ्यांचीच तिकिटं निम्मी केली, तर रोजच्या प्रेक्षकांकडून मिळणारे ३७ हजार पौंड बुडाले. नवं चौकोनी कुटुंब आलं तर ३० पौंड देणार. म्हणजे खड्डा भरायला १,२०० हून जास्त नवी कुटुंबं, जवळपास पाच हजार माणसं हवीत. गर्दी दुपटीहून जास्त झाली पाहिजे. अवघड आहे.

पण फक्त मुलांचं तिकीट १० वरून २ पौंड केलं तर? बुडाले ४,८०० पौंड. नवं कुटुंब आता देणार ४४ पौंड. खड्डा भरायला ११० कुटुंबं पुरतात. ११० कुटुंबं म्हणजे एखाद्या गावातल्या दोन-तीन शाळांचे पालक. अवघड आहे, पण अशक्य नाही. शिवाय ही माणसं आत आल्यावर चहा घेणार, धाकट्याने हट्ट केला की स्कार्फ घेणार. तो खर्च मी धरलेलाच नाही.

म्हणूनच ‘तिकिटं स्वस्त करा’ आणि ‘कुटुंबासाठी तिकिटं स्वस्त करा’ या दोन वेगळ्या मागण्या आहेत. दुसरी मागणी क्लबाला परवडण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. बऱ्याचदा चर्चेत या दोन्हींची गल्लत होते आणि मग ‘परवडत नाही’ म्हणून दोन्ही एकदमच गुंडाळल्या जातात.

पहिला, जास्त अवघड मार्गही एका क्लबाने निवडून दाखवला. ब्रॅडफर्ड सिटी २००७ मध्ये चौथ्या पायरीवर घसरला. स्टेडियम पंचवीस हजारांचं, आधीच्या हंगामातली सरासरी गर्दी नऊ हजारांच्याही आत. अशा वेळी त्यांनी सीझन तिकीट १३८ पौंडांना विकायला काढलं. घरच्या मैदानावरचे २३ सामने, म्हणजे सामन्याला बरोबर सहा पौंड. खालच्या विभागात गेलेल्या संघाची गर्दी कमी होते, हा सगळीकडचा अनुभव. ब्रॅडफर्डची वाढली आणि सरासरी तेरा हजारांच्या वर गेली. चौथ्या पायरीवरच्या क्लबासाठी हा आकडा थक्क करणारा आहे.

पण हे सांगताना पुढचंही सांगायला हवं. वाढलेल्या गर्दीने गोल केले नाहीत. त्या पायरीवरून वर यायला ब्रॅडफर्डला २०१३ उजाडलं. स्वस्त तिकीट म्हणजे यशाची किल्ली, असं सांगणारे लेख वाचले की मला शंका येते. तिकीट स्वस्त केल्याने संघ जिंकत नाही. फार तर हरणाऱ्या संघाला प्रेक्षक मिळतात, आणि छोट्या क्लबाच्या आयुष्यात हरण्याचे हंगामच जास्त असतात.

तिथून जवळच्याच हडर्सफील्ड टाउनची गोष्ट जरा वेगळी. २००८-०९ मध्ये क्लबच्या शताब्दीनिमित्त त्यांनी १०० पौंडांत सीझन तिकीट दिलं. तेव्हा संघ तिसऱ्या पायरीवर होता. मालकांनी शब्द दिला, की आपण कधी प्रीमियर लीगमध्ये पोचलो, तर आतापासून दरवर्षी सीझन तिकीट घेणाऱ्यांना तिथेही १०० पौंडांतच तिकीट. असा शब्द द्यायला काय जातंय, असं तेव्हा कोणालाही वाटलं असतं. २०१७ मध्ये हडर्सफील्ड खरंच पोचला. आणि मालकांनी शब्द पाळला. प्रीमियर लीगचे १९ घरचे सामने, सामन्याला साडेपाच पौंडांच्याही आत. दोन वर्षांत संघ पुन्हा खाली आला. पण ज्या पोराला २००८ मध्ये बाबांनी बोट धरून नेलं असेल, त्याने वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी त्याच भावात मोठमोठे संघ आपल्या गावात खेळताना बघितले.

क्लब मरतात कशाने?

स्वस्त तिकिटांना विरोध करताना एक भीती नेहमी दाखवली जाते. अशाने क्लब बुडेल. म्हणून बुडालेल्या क्लबाकडे बघू. बरी हा मँचेस्टरजवळचा, १८८५ चा क्लब. २७ ऑगस्ट २०१९ रोजी त्याला इंग्लिश फुटबॉल लीगमधून काढून टाकलं गेलं. १३४ वर्षांचा क्लब एका रात्रीत लीगबाहेर. योगायोग असा, की एफसी युनायटेडने स्वतःचं मैदान होण्याआधी अनेक वर्षं याच बरीच्या गिग लेन मैदानावर भाड्याने सामने खेळले होते. म्हणजे दोन पौंडांची मुलं बसायची ती गॅलरी राहिली, तिचा मालक क्लबच गेला.

बरी तिकिटं स्वस्त ठेवून बुडाला नाही. झेपणार नाहीत असे पगार आणि त्यासाठीचं कर्ज यांनी तो बुडाला. २०१८ च्या डिसेंबरमध्ये हा अख्खा क्लब कर्जासकट एका पौंडाला विकला गेला होता. एफसी युनायटेडमधल्या लहान मुलाच्या तिकिटाच्या निम्म्या किमतीत! इंग्लंडच्या दुसऱ्या पायरीवर तर कित्येक हंगामांत सगळ्या क्लबांचे मिळून पगार हे एकूण उत्पन्नापेक्षाही जास्त झालेत. शंभर रुपये मिळवायचे आणि शंभराहून जास्त पगारात घालवायचे. असा संसार आपल्या घरात कोणी केला असता तर आजीने काय म्हटलं असतं? अशा जागी मुलांच्या तिकिटातले पाच-सात पौंड वाढवून क्लब वाचणार नसतो. ते वाढवणं मात्र सोपं असतं, कारण स्ट्रायकरचा एजंट भांडतो आणि आठ वर्षांचा मुलगा भांडत नाही.

मग एकदम फुकटच का नको? हाही प्रयोग झालाय. पॅरिस एफसी हा फ्रान्सच्या दुसऱ्या विभागातला क्लब, पीएसजीच्या सावलीत वाढलेला. नोव्हेंबर २०२३ पासून त्यांनी घरच्या सामन्यांना प्रवेश मोफत केला. गर्दी वाढली, पण वीस हजारांचं शार्लेती स्टेडियम काही दर सामन्याला भरलं नाही. पुढे २०२४ मध्ये आर्नो कुटुंबाने क्लब घेतला, २०२५ मध्ये संघ पहिल्या विभागात गेला आणि मोफत प्रवेशाचा काळ संपला.

जर्मनीत फोर्टुना ड्यूसेलडॉर्फने त्याच हंगामात जास्त सावध पाऊल टाकलं. सगळे नाही, सुरुवातीला तीनच सामने मोफत, आणि त्याचा खर्च प्रायोजकांच्या पैशांतून. पहिला सामना ऑक्टोबर २०२३ मध्ये कायझर्सलाउटर्नविरुद्ध झाला. स्टेडियम भरलेलं, ड्यूसेलडॉर्फ ०-३ ने मागे. आणि मग ४-३ ने विजय. त्या दिवशी पहिल्यांदा मैदानात आलेल्या पोरांना वाटलं असेल, फुटबॉल रोज असाच असतो!

मला स्वतःला फुकटापेक्षा दोन पौंडांची कल्पना जास्त आवडते. फुकट पास घेऊन शेवटच्या क्षणी ‘पाऊस आहे, नको जाऊया’ म्हणणारे आपण सगळेच आहोत. आपल्या कॉलेजच्या एकांकिकेचे पास आठवा. दोन पौंड दिले की माणूस जातो. शिवाय फुकट देणारा प्रायोजक ज्या दिवशी हात काढून घेईल, त्या दिवशी तिकीट शून्यावरून थेट वीसवर जाणार. छोटी रक्कम हळूहळू वाढवता येते, शून्य वाढवताच येत नाही. पण प्रायोजकाच्या पैशांतून वर्षाला तीन-चार सामने मोफत, एवढ्यापुरती ड्यूसेलडॉर्फची पद्धत कोणत्याही क्लबाने उचलावी अशी आहे.

खिडकीच्या पलीकडे

तिकीट स्वस्त झालं म्हणून कुटुंब येतं का? नेहमी नाही. चौघांचा खर्च घराच्या दारापासून मोजायचा असतो. जर्मनीत बऱ्याच क्लबांच्या सामन्याच्या तिकिटावरच त्या दिवशीचा बस-ट्रामचा प्रवास होतो. वेगळं तिकीट काढावं लागत नाही. सवलत कशी द्यावी याचं हे मला सापडलेलं सगळ्यात व्यवहारी उदाहरण.

इंग्लिश फुटबॉल लीगची एक योजना आहे. त्यात खरीखुरी कुटुंबं प्रेक्षक म्हणून आगाऊ न सांगता क्लबांकडे पाठवली जातात आणि ती परत येऊन गुण देतात. तिकीट काढायला किती वेळ लागला, गेटवरचा माणूस मुलांशी कसा बोलला, स्वच्छतागृह कसं होतं, खायला काय मिळालं. कोणाला हे किरकोळ वाटेल. ज्यांनी लहान भावंडाला घेऊन एखाद्या मोठ्या सभेला किंवा जत्रेला सोबत केलीये, त्यांना स्वच्छतागृह हा किरकोळ मुद्दा वाटणार नाही.

आणि काही कुंपणं पैशांची नसतातच. ब्रॅडफर्डचं स्टेडियम मॅनिंगहॅम भागात आहे. आजूबाजूला मोठ्या संख्येने पाकिस्तानी आणि बांगलादेशी वंशाची कुटुंबं राहतात. सामन्याला सहा पौंड पडत होते तेव्हाही गॅलरीतले चेहरे मात्र बहुतेक गोरेच होते. स्टेडियमच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला आत यावंसं वाटत नसेल, तर त्याला भीती वाटत असते ती तिकिटाच्या दराची नाही, शेजारच्या खुर्चीवरून येणाऱ्या शेऱ्याची. अलीकडच्या काळात ‘बांगला बँटम्स’ नावाच्या बांगलादेशी वंशाच्या चाहत्यांच्या गटाने घोळक्याने, बायका-मुलांसह सामन्याला जायला सुरुवात केली, तेव्हा त्या चित्रात थोडा फरक पडू लागला. एकट्याने न जाता दहा-वीस जणांनी मिळून जायचं, इतकी साधी युक्ती.

आपल्याकडेही हे दोन्ही प्रकार दिसतात. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामाचे सगळे सामने मुंबई आणि नवी मुंबईत झाले. महिला आणि मुलींना प्रवेश मोफत होता, इतरांची तिकिटं १०० रुपयांपासून. खेळ क्रिकेटचा, पण दर लावण्याची समज तीच. नवी स्पर्धा, मोठी मैदानं, आणि ज्यांनी पुढे बॅट धरावी असं वाटतं त्यांनाच आधी आत घ्यायचं.

दुसरं उदाहरण कोल्हापूरचं. कोल्हापूरकर चिडतील, पण लिहितेच. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियमवर जी गर्दी होते, तिचा हेवा देशातल्या भल्याभल्या क्लबांना वाटेल. पेठेचा संघ, पेठेचेच प्रेक्षक. छोट्या क्लबाची इंग्रजी कल्पना ज्यांना दूरची वाटते, त्यांनी एकदा जाऊन यावं. पण ही गॅलरी बहुतांश पुरुषांचीच असते, आणि हुल्लडबाजीमुळे सामना थांबल्याच्या बातम्याही अधूनमधून येतात. जिथे घरातून ‘तू जा, पण धाकटीला नेऊ नकोस’ असं सांगितलं जातं, तिथे फॅमिली तिकीट काढून काय होणार? कोल्हापूरला दर कमी करायची गरज नाही. तिथे एक बाजू कुटुंबांसाठी राखून, तिथे शिवी देणाऱ्याला बाहेर काढणारा माणूस उभा करायची गरज आहे. इंग्लंडमधल्या कित्येक क्लबांच्या फॅमिली स्टँडमध्ये मोठ्या माणसाला सोबत मूल असल्याशिवाय तिकीटच मिळत नाही. आपल्याकडे हा नियम आला, तर भाच्यांना एकदम मागणी येईल.

शेवटी आपल्या वयाचा मुद्दा, कारण या सगळ्या सवलतींत आपण कुठेच नसतो. मुलांचं तिकीट बहुतेक ठिकाणी सोळा किंवा अठराला संपतं. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही क्लबच्या दृष्टीने पूर्ण कमावते. प्रत्यक्षात तुम्ही कॉलेजात असता, दुसऱ्या शहरात, महिनाअखेरीस मेसचं बिल बघून घाबरणारे. दहा वर्षं बाबांबरोबर गेलेला मुलगा नेमका याच वर्षी सुटतो आणि एकदा शनिवारची सवय मोडली की ती परत लागेलच असं नाही. इंग्लंडमधल्या बऱ्याच क्लबांना हे कळलंय. त्यांनी अठरा ते एकवीस किंवा तेविसापर्यंतच्या वयासाठी मधला दर काढलाय. मुलांपेक्षा जास्त, मोठ्यांपेक्षा कमी. आपल्याकडे एखाद्या क्लबाने कॉलेजचं ओळखपत्र दाखवून निम्म्या दरात प्रवेश दिला, तर खिडकीवर पहिली रांग कोणाची असेल हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही. त्या रांगेत मी असेन. धाकट्या भावाचं दोन पौंडांएवढं तिकीटही मीच काढीन.